यंत्राचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूविषयी माणसाच्या मनात दोन मोह उत्पन्न होतात. एक तिला देव्हाऱ्यात बसविण्याचा आणि दुसरा तिला नवी करून टाकण्याचा. पहिल्याला बळी पडले की वस्तू राहते, पण तिचे काम संपते. दुसऱ्याला बळी पडले की काम चालू राहते, पण वस्तू हरवते. वाडे, देवळे, भाषा, संस्था या सर्वांच्या बाबतीत हा पेच पडतो आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. आम्ही आज तो एका साध्या, तेलकट जागी तपासून पाहणार आहोत. जुन्या मोटारीचे इंजिन निकामी झाले, तर तिच्यात दुसरे कोणते बसवावे, आणि ते ठरविताना माणसाने कोणाशी प्रामाणिक राहावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सांस्कृतिक मासिकात इंजिनाला जागा कशाला, असे कोणी विचारील. नीतीचे प्रश्न ग्रंथांत राहतात तसे कारखान्यातही राहतात, आणि तेथे ते टाळता येत नाहीत, हे त्याला आमचे उत्तर आहे. तत्त्वज्ञाला निर्णय पुढे ढकलता येतो. मेस्त्रीला संध्याकाळपर्यंत नट आवळावेच लागतात.

एक उदाहरण डोळ्यांपुढे आणू. आमच्या अफझलगंजातील एखाद्या घरी वडिलांच्या हौसेने आलेली १९६६ सालची फोर्ड मस्टँग उभी आहे असे समजा. अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या दांडग्या गाड्यांच्या कुळातली ही एक. तिचे आठ सिलिंडरांचे, २८९ घनइंची, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे इंजिन तडकले आहे. वडील आता नाहीत. मुलाच्या मनात आईला एकदा त्या गाडीतून फिरवून आणावयाचे आहे. त्याच्यापुढे चार वाटा आहेत. तडकलेलाच ब्लॉक सांधून, सिलिंडरांत स्लीव्ह घालून मूळ इंजिन उभे करणे, ही पहिली. त्याच घराण्यातले दुसरे इंजिन मिळवून बसविणे, ही दुसरी. १९६८ पासून निघालेले ३०२ घनइंची इंजिन याच घराण्यातले आहे. आजच्या काळातले, पुष्कळ अधिक ताकदीचे इंजिन घालणे, ही तिसरी. आणि डिझेल इंजिन किंवा विजेची मोटर बसवून पेट्रोलचा संबंधच तोडणे, ही चौथी. शेजारी, मित्र, मेस्त्री आणि नातेवाईक या चारही वाटांची शिफारस करतील. ऐकावे कोणाचे?

पहिल्यानेच एक जुनी शंका उभी राहते. इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहते काय? या शंकेचा विचार आपल्या देशात दोन हजार वर्षांपूर्वी झाला आहे. राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला विचारले की, रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दांडी, सांगाडा यांपैकी कोणतेही एक म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागले. या सर्वांच्या आधाराने व्यवहारात जे नाव पडते ते रथ, अशा उत्तराला तो अखेरीस पोचला. मोटारीलाही हेच लागू आहे. तिचे गाडीपण कोणत्याही एका भागात कोंडून ठेवलेले नाही.

आमच्या शहरात याचे एक मजेदार प्रमाण रोज रस्त्यावरून धावत असते. १९३२ च्या जून महिन्यात निजामाच्या रेल्वेने आपले रस्तेवाहतूक खाते सुरू केले, तेव्हा तिच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. स्कॉटलंडमधील आल्बियन कारखान्याची त्या काळातील एक बस आजही जतन करून ठेवलेली आहे. राज्य गेले, खात्याचे महामंडळ झाले, राज्याचे तुकडे झाले, पुन्हा पुन्हा नावे बदलली. गाड्या, इंजिने, चालक, प्रवासी सगळे बदलले. पण या बसगाड्यांच्या नंबरात ‘झेड’ हे इंग्रजी अक्षर टिकून राहिले. सातव्या निजामाच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या नावाचे ते आद्याक्षर, असे सांगितले जाते. अफझलगंजजवळच्या महात्मा गांधी बसस्थानकातून सुटणाऱ्या कोणत्याही गाडीत १९३२ चा एक खिळाही नाही. तरीही ही तीच बससेवा असे आपण म्हणतो आणि त्यात काही खोटे बोलत नाही.

कारखानदारांचेच वर्तन पाहिले तरी ‘मूळ’ या शब्दाचा दरारा पुष्कळ कमी होतो. आपली अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर निघाली. तिच्यात प्रथम एक इंजिन होते, मग १४८९ सीसीचे आले, पुढे डिझेल आले, आणि १९९० नंतरच्या वर्षांत इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले. २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत लोक तिला अँबॅसडरच म्हणत राहिले. मसल कारची तर जन्मकथाच मुळी इंजिन बदलण्याची आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये असा जनरल मोटर्स या कंपनीचा नियम होता. १९६४ साली पाँटिअॅक विभागातील जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो डावलून मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची इंजिन टेम्पेस्ट या मध्यम गाडीत बसविले आणि त्या गाडीला ‘जीटीओ’ असे नाव दिले. या जातीच्या गाड्यांचा उगम सामान्यतः येथून मानतात. जिचा जन्मच परक्या इंजिनाने झाला, तिच्या जातीत पुढे इंजिनशुद्धीचे सोवळे पाळले जावे, हा काळाचा विनोद म्हणावयाचा!

तर मग काहीही बसवावे, असा याचा अर्थ होतो काय? आमच्या मते होत नाही. गाडी तीच राहते की नाही, हा प्रश्न नावाचा आहे. ती बदलताना आपण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न नीतीचा आहे. पहिला सैल सुटला म्हणून दुसरा सुटत नाही. माणूस ऋणे घेऊन जन्माला येतो, अशी आपल्याकडे जुनी कल्पना आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋण हे चौथेही सांगितले आहे. देवांना आम्ही कारखान्यात ओढीत नाही. उरलेली तीन मात्र या प्रश्नाला आश्चर्य वाटावे इतकी लागू पडतात.

ऋषिऋण अध्ययनाने फिटते. गाडी ज्यांनी कल्पिली आणि रेखाटली, त्यांचे ज्ञान समजून घेतल्यावाचून तिला हात लावणे म्हणजे हे ऋण बुडविणे होय. मस्टँगच्या बॉनेटखाली पुढच्या स्प्रिंगांना आधार देणारे पत्र्याचे दोन उभे मनोरे असतात. त्यांच्यामधली जागा जुन्या, अरुंद इंजिनाच्या मापाची आहे. आजची कित्येक शक्तिमान इंजिने माथ्याशी इतकी रुंद असतात की, ती बसविण्यासाठी हे मनोरे कापावे लागतात. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्याने किती पीळ सोसावा, मागच्या आसाने किती जोर घ्यावा, रेडिएटरने किती उष्णता वाहून न्यावी, पुढच्या चाकांवर किती वजन पडावे, याचा हिशेब एकदा कोणी तरी मांडलेला आहे. तो हिशेब मोडावयाचा असेल, तर निदान तो वाचून मोडावा. इंजिनाची निवड अश्वशक्तीच्या आकड्यावरून करणारा गृहस्थ आम्हांस नेहमी त्या वरपित्यासारखा वाटतो, जो मुलीच्या घराण्याची श्रीमंती विचारतो आणि मुलाचा स्वभाव विचारात घेत नाही.

मनुष्यऋण हे रस्त्यावरच्या इतरांचे आहे. १९६४ च्या जीटीओला सुमारे सव्वातीनशे अश्वशक्ती मिळाली, पण चारही चाकांचे ब्रेक मात्र जुन्या ड्रमचेच होते. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकचे तेल एकाच वाटेने चारही चाकांकडे जाई. ती वाट कोठे फुटली की पायाखालचा सगळाच आधार जाई. वेग दुप्पट झाला की थांबविताना जिरवावयाची शक्ती चौपट होते, हे शाळेत शिकविलेले गणित मोटारीच्या बाबतीत जीवनमरणाचे आहे. जुन्या सांगाड्यात दुप्पट ताकदीचे इंजिन घालून ब्रेक तसेच ठेवणारा माणूस आपल्या हौसेचे मोल दुसऱ्यांकडून वसूल करीत असतो. अफझलगंजाच्या रस्त्यावर दवाखान्याकडे निघालेले रुग्ण असतात, हातगाड्या असतात, बसमागे धावणारी शाळकरी पोरे असतात. त्या गाडीत कोणते इंजिन असावे याविषयी त्यांना कोणी विचारलेले नाही. म्हणून जेवढे बळ वाढवावे, तेवढा संयम आधी वाढवावा, हा नियम येथे सुभाषित म्हणून सांगावयाचा नाही. तो पान्याने आणि मोजपट्टीने पाळावयाचा आहे. इंजिनाचा खर्च मांडताना ब्रेकचा खर्च जो त्याच कागदावर मांडीत नाही, त्याने इंजिन बदलूच नये.

पितृऋण संततीने फिटते, असे म्हणतात. मागच्यांचे देणे पुढच्यांना द्यावयाचे, हा त्यातला गाभा आहे. आपल्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याचे आपण दोन गोष्टींचे देणे लागतो. त्यांपैकी पहिली म्हणजे परतीची वाट. जे कापले ते पुन्हा जोडता येत नाही. जे सोडविले ते पुन्हा बसविता येते. काढलेले इंजिन, ते तडकलेले का असेना, तेल लावून, खुणा करून जपून ठेवावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने विजेवर चालविलेल्या जुन्या गाड्यांविषयी हाच सल्ला दिला आहे: फेरफार उलटविता येण्याजोगा असावा आणि मूळचे भाग सांभाळून ठेवावेत. दुसरी गोष्ट सत्याची. १९६८ च्या सुमारास अमेरिकन गाड्यांच्या इंजिनांवर गाडीचा नंबर कोरण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे नंबर जुळणाऱ्या गाडीला बाजारात फार मोठी किंमत येऊ लागली. त्याबरोबर जुने नंबर घासून नवे ठोकण्याची विद्याही जन्मास आली. परके इंजिन बसविणे हा अपराध नव्हे. परक्या इंजिनावर घरचे नाव कोरणे हा अपराध होय. इमारतींच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात असे म्हटले आहे की, नव्याने घातलेला भाग एकंदर वास्तूशी सुसंगत असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखूही यावा. इंजिनाच्या कामाला याहून चांगला नियम आम्हांस सुचत नाही.

आमच्या कायद्याने या प्रश्नात कोणती बाजू घेतली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. इंजिनाचा आणि चासीचा नंबर नोंदणीच्या दाखल्यात असतो आणि मूळ तपशिलात फरक पडेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मनास येईल तसा करता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेले, मूळ रूपात जपलेले, आणि चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन या मानास पात्र ठरते. मात्र असे वाहन प्रदर्शन, मिरवणूक, देखभाल अशा प्रसंगांपुरतेच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास ते वर्ज्य आहे. म्हणजे कायद्यानेही देव्हारा आणि रस्ता यांची वाटणी करून टाकली. ही वाटणी अन्यायाची आहे असे आम्ही म्हणत नाही. पण शुद्धता आणि उपयोग ही दोन्ही सुखे एकाच गाडीकडून मागणाऱ्याने तिच्यातला अर्थ समजून घ्यावा.

देव्हाऱ्यालाही त्याचे स्थान आहेच. नदीपलीकडे चौमहल्ला राजवाड्यात सहाव्या निजामाने मागविलेली पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे. ती १९१२ ची, राजासाठी खास बनविलेली आणि आयुष्यात अगदी थोडे मैल चाललेली. तशी दुसरी नाही. तिचे इंजिन बंद पडले तर बंद राहू द्यावे. तिच्यात परके यंत्र घालून ती पळविण्याने कोणाचेच भले होणार नाही. मस्टँगची गोष्ट निराळी. १९६६ च्या एकाच वर्षात त्या सहा लाखांहून अधिक निघाल्या. त्यांतल्या एकीने आपले मूळ इंजिन गमावून एका कुटुंबाची सोबत चालू ठेवली, तर इतिहासाचे फारसे नुकसान होत नाही. एकमेव वस्तूचा धर्म आणि लाखांतल्या एकीचा धर्म सारखा नसतो.

या संदर्भात आम्हांस आणखी एका वर्गाविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ जुळविण्यास आरंभ केला, तेव्हा पेट्रोल स्वस्त होते. पुढे आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि १९७३ नंतर पेट्रोल भडकले. तेव्हा कित्येक अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटखाली पर्किन्ससारखी डिझेल इंजिने आली. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत आलेल्या युरोपीय गाड्यांनाही १९६१ च्या मुक्तीनंतर सुट्या भागांची हीच ददात भोगावी लागली. आज पैसा हाती असलेला रसिक अशा गाडीचे बॉनेट उघडतो आणि आतले धडधडते डिझेल पाहून नाक मुरडतो. त्याने थोडे थांबावे. ज्या टॅक्सीवाल्याने वा शेतकऱ्याने पोटाला चिमटा घेऊन तिच्यात मिळेल ते इंजिन बसविले, त्याने बसविले नसते, तर ती कधीच भंगारात गेली असती आणि आज रसिकाला नाक मुरडण्यापुरतीही उरली नसती. गरजेने केलेला बदल आणि मिजाशीने केलेला बदल यांत फरक आहे. गरिबाच्या हातून घडलेली निष्ठा पुष्कळदा अशीच, अशुद्ध रूपात घडते.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. वडिलांची आठवण मुलाच्या मनात आहे ती पत्र्याची नव्हे, आवाजाची. सकाळी गाडी सुरू होताना आठ सिलिंडरांतून उठणारी ती जाड, किंचित अडखळणारी गुरगुर, तिचा बसलेला हादरा, पेट्रोलचा वास: हे सगळे त्या इंजिनाचे होते. ते गेल्यावर उरले काय? कोकणी वाचकांना मंगेशाची कथा सांगावयास नको. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या काळात भक्तांनी कुशस्थळीहून देव हलविला आणि प्रियोळला नेला. देऊळ सुटले, गाव सुटला, पण आतले लिंग तेच राहिले, म्हणून मंगेश तोच राहिला. येथे नेमके उलटे होत आहे. गाभारा तोच आणि आतला देव दुसरा. आक्षेपाचे बळ या उलटेपणात आहे.

याला आमचे उत्तर एवढेच की, जे गेले ते गेले असे म्हणावे. विजेची मोटर बसविलेल्या मस्टँगमध्ये ध्वनिक्षेपकातून खोटी गुरगुर काढणे आम्हांस दुःखापेक्षाही करुण वाटते. विजेची मोटर बसविण्यात पाप नाही. धूर कमी होईल, शेजारी सुखावतील. पण ती जुन्या देहातली नवी गाडी आहे आणि तिने तसेच म्हणवून घ्यावे. निवड विचाराल तर आमचा क्रम असा: आधी मूळ इंजिन सांधून पाहावे, ते साधत नसेल तर त्याच घराण्यातले, त्याच मापाचे इंजिन घ्यावे, त्याहून वेगळे घ्यावे लागले तर काही न कापता बसेल तेच घ्यावे, आणि प्रत्येक वेळी ब्रेकचा विचार आधी करावा. त्या मुलाने दुसरी वाट धरली, तर आवाज अगदी तोच येणार नाही, पण त्याच कुळातला येईल. आईला तेवढे पुरेसे होईल की नाही, ते आई ठरवील.

अफझलगंजातच हा प्रश्न याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावर लढला गेला आहे. १९०८ च्या मुसीच्या महापुरात येथले जुने रुग्णालय गेले आणि पुढे व्हिन्सेंट एश याने आखलेली उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत उभी राहिली. शंभर वर्षांत ती थकली. जुलै २०२० मध्ये तिच्यात पाणी शिरले आणि रुग्णांना तेथून हलवावे लागले. पाडावी असे एक पक्ष म्हणे, जपावी असे दुसरा म्हणे. जानेवारी २०२५ मध्ये नव्या रुग्णालयाची पायाभरणी गोशामहल येथे झाली. रुग्णाला खाट हवी असते, शहराला स्मृती हवी असते; दोन्ही गरजा खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरीचा बळी देण्याआधी दोहोंना जागा मिळते का, हे पाहणे हाच विवेक. नवे बसविण्याची घाई असली तरी जुने मोडण्याची घाई करू नये, हा धडा इमारतीचा आहे आणि इंजिनाचाही आहे.

आपल्या जुन्या देवळांच्या दाराशी पुष्कळदा एक लहान शिळा आढळते. अमुक शके, अमुक गृहस्थाने जीर्णोद्धार केला, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. देवळाचे वय लपविण्याची किंवा ते आपणच बांधले असे भासविण्याची त्या गृहस्थाला गरज वाटली नाही. मोटारीच्या बॉनेटखालीही अशी एक पितळी पट्टी असावी असे आम्हांस वाटते. मूळ इंजिन कोणते होते, ते केव्हा निकामी झाले, त्याच्या जागी कोणते आले, ब्रेक कोणते बदलले आणि जुने इंजिन कोठे ठेवले आहे, हे तिच्यावर लिहावे. चार ओळी पुरतील.